दोऱ्यानं बांधलेली चाळीस पानं

शेवटचं पान फाडून नेणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी, याबद्दल खळबाईचं मत पक्कं होतं. फाशी नको, फाशी म्हणजे सुटका. त्याला एका खोलीत बसवावं, रोज एक रहस्यकथा वाचायला द्यावी आणि प्रत्येकीचं शेवटचं पान आधीच काढून घ्यावं. जन्मभर. "तडफडू दे मेल्याला," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता त्याच मेल्यानं फाडलेल्या पुस्तकाला नवा पुठ्ठा चढवायची.

खळबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सार्वजनिक वाचनालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करणारी ती एकटी. पिठाची खळ शिजवायची, दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं पानं शिवायची. एकतीस वर्षं हेच. नव्या कारकुनानं एकदा चेष्टेत खळबाई म्हटलं आणि तेव्हापासून मोठे साहेबसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायला लागले. तिला राग आला नाही असं नाही, पण राग धरून ठेवायला वेळ कुणाकडे होता? टेबलावर कायम चाळीसेक पुस्तकं पडलेली.

त्यातली निम्मी रहस्यकथांची. प्रवासवर्णनं मधे उसवतात, स्वयंपाकाच्या पुस्तकांवर तेलाचे डाग पडतात, कवितासंग्रह बिचारे कोरेकरकरीत राहतात. पण रहस्यकथा मागून झिजते, कारण निम्मे वाचक अधीर आणि उरलेले लबाड. आता पंचाईत अशी, की मागची पानं जोडायची तर ती क्रमानं लावायला हवीत, आणि क्रम लावायचा तर पानाकडे बघायला हवं. बघितलं की खुनी दिसला! मग तेच पुस्तक घरी नेऊन वाचायचं कशाला, कपाळ? म्हणून खळबाईनं पहिल्याच वर्षी एक विद्या कमावली. पानाच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा बघायचा, वरचं अक्षर नाही. दोनशे एक, दोनशे दोन, दोनशे तीन. हजारो शेवट तिच्या हाताखालून गेले, एकही तिनं वाचला नाही. वाचनालयात कुणाचा यावर विश्वास बसत नसे. बसायचा तो फक्त ताईचा.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून जन्म काढलेली. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तेव्हापासून दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत. खळबाईनं लग्न केलंच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "वाचत होते, वेळ झाला नाही." ताईला माणूस दिसायचीही गरज नसे, नुसत्या आवाजावरून तो खोटं बोलतोय की काय ते सांगायची. दूधवाला "उद्या नक्की" म्हणाला की ताई आतून ओरडायची, "परवा!" आणि परवाच उजाडायचा.

दोघींचा लहानपणापासूनचा एक खेळ होता. शनिवारी खळबाई दुरुस्त केलेली एखादी रहस्यकथा घरी आणायची. आणण्याआधी तिची शेवटची चाळीस पानं मेणाच्या दोऱ्यानं बांधून टाकायची, पक्की गाठ मारून. दोघींनी पाळीपाळीनं गाठीपर्यंत वाचायचं, मग आपापली चिठ्ठी लिहायची. खून कुणी केला, का केला, आणि हे आपल्याला कशावरून कळलं. चिठ्ठ्या पावडरच्या जुन्या डब्यात पडल्या की मगच दोरा सोडायचा. जी चुकेल तिनं आठवडाभर चहा करायचा. दोघी बरोबर आल्या तर जिचा तिनं. नियम एकच होता, पण कडक: चिठ्ठीच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही. लहानपणी खळबाईनं एकदा चिठ्ठी बदलली होती, तेव्हा ताई तिच्याशी अकरा दिवस बोलली नव्हती. इतक्या वर्षांत ताई चुकली ती चार वेळा, आणि चारही वेळा लेखकानंच फसवलं असं तिचं म्हणणं. म्हणजे चहा जवळजवळ कायम खळबाईकडे. तरी तिला तो नीट जमत नसे. "पाणी मोजून घालायला काय होतं गं तुला?" ताई दर कपाला म्हणायची.

या दोघी शहराबाहेर दोनदा गेल्या असतील, तेही कुणाच्या तरी लग्नाला. पण विचारा काहीही! आठशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यात राजाचं अन्न आधी कोण चाखायचं, दीपगृहात तेल किती दिवस पुरायचं, बर्फात अडकलेल्या टपालगाडीचे घोडे आधी मरतात की माणसं, युद्धाच्या दिवसांत अंधारलेल्या गावात चोरून दिवा कसा लावायचा, सगळं दोघींना तोंडपाठ. खुनाच्या पाठोपाठ त्या सगळं जग आणि सगळे काळ हिंडून आल्या होत्या. ताईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "टोप्या बदलतात, माणूस तोच." शिकलेली माणसं हेच सांगायला भाषण ठोकतात.

तर असं छान चाललं होतं. छान चाललेलं कुणाला बघवतंय?

ताईची पाठ दुखायला लागली. मग जेवण कमी झालं. मग एके दिवशी खिडकीत बसलेली असताना खळबाईला तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. मुलगा धावत आला, तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला खळबाई गेली, कारण दवाखाना वाचनालयाच्या वाटेवरच होता. पाकीट उघडंच होतं. बाकावर बसून तिनं पानं बाहेर काढली आणि सवयीनं तपासली. एक, दोन, तीन, थेट बारापर्यंत. सगळी होती, एकही उलटं लागलेलं नव्हतं. वरचं अक्षर तिनं वाचलं नाही. पानं पुन्हा पाकिटात घातली आणि डॉक्टरांना भेटायला मागून आलेल्या भाच्याच्या हातात पाकीट दिलं.

भाचा पाकीट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेला, आणि बाहेर आला तो तसाच जिन्याच्या पायरीवर बसला, चांगल्या पॅंटसकट.

"मावशी, आईला सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही?"

"पोटात गाठ आहे. वाईट आहे. ऑपरेशन होण्यासारखी नाही. तीन-चार महिने म्हणतात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिला कळलं ना, तर ती आजच जाईल. आपण म्हणायचं, जठराला सूज आहे. डॉक्टरांशी बोललोय मी."

"अरे, पण तिला खोटं कळतं..."

"तुला माझी शपथ आहे. माझ्या गळ्याची."

झालं! पाचशे खून पचवलेली ही बाई, पण शपथ म्हटली की तिचं पाणी पाणी व्हायचं. आणि हा भाचा म्हणजे तिच्या मांडीवर वाढलेला, त्याचं नाक पुसता पुसता तिनं कितीतरी तपास पुरे केलेले. त्याच्या गळ्याची शपथ ती काय मोडणार? ती हो म्हणाली. रागही आला तिला, पण तो त्याच्यावर काढता येईना, कारण पोरगा पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

ताईला जठराची सूज सांगण्यात आली. "असं होय," ती म्हणाली आणि गोळ्या घेतल्या.

मग सुरू झाले ते दिवस शत्रूच्याही वाट्याला येऊ नयेत. वाचनालयात खळबाईनं एकतीस वर्षांत पहिल्यांदा खळ करपवली. एका ज्ञानकोशाला उलटा पुठ्ठा लावला. घरी आली की दाराशी एकदा थांबायची, चेहरा नीट करायची, मग कुलूप काढायची. ताई काही बोलली की ही पटकन "हो" म्हणायची. ताई म्हणाली, पंखा बंद कर, हिनं केला. ताई म्हणाली, लाव, हिनं लावला. एरवी याच पंख्यावरून दोघींची दिवसाला दोन भांडणं व्हायची.

आणि शनिवार आला की पुस्तक निवडणं जिवावर यायचं. कपाटापुढे उभी राहून ती पुस्तकं बघायची. राजवाड्यातल्या आचाऱ्याचं ते सातशे पानांचं पुस्तक ताई दोन वर्षं मागत होती. ते आता कुठे शिवून तयार झालं होतं. खळबाईनं त्यावर हात ठेवला. ताई हल्ली दिवसाला दहा पानं ऐकायची, तीही डोळे मिटून, कारण वाचायचं काम आता खळबाईकडे आलं होतं. सातशे भागिले दहा. हात आपोआप मागे आला. तिनं शेजारचं बारीक पुस्तक काढलं, दीडशे पानांत आटपणारं. पुढच्या खेपेला एकशे तीस पानांचं. आपण फार हुशारीनं वागतोय असं तिला वाटत होतं. ताईची एकही गोष्ट अर्धी राहता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पाचव्या शनिवारी तिनं मिठाच्या काफिल्याचं पुस्तक आणलं. सहाशे वर्षांपूर्वीचं वाळवंट, नऊ माणसं, उंटांवर मीठ, आणि पुढच्या विहिरीपर्यंत चार दिवसांची वाट. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी मेलेला सापडतो, त्याची पाण्याची पखाल गायब. खळबाई वाचायची आणि ताई उशीला टेकून ऐकायची. मधेच म्हणायची, "परत वाच, तो वाटाड्या काय म्हणाला ते." वाटाड्या म्हणजे काफिल्याला वाट दाखवणारा. तो म्हणाला होता, चला, पुढे भरपूर पाणी आहे. खळबाईनं ते दोनदा वाचलं.

पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या दोऱ्याच्या गाठीपाशी पोचल्या. भाचा त्या महिन्यात तिसऱ्यांदा येऊन आदल्या दिवशीच परत गेला होता. खळबाईनं दोन कागद फाडले, दोन पेन्सिली घेतल्या. तिनं स्वतःची चिठ्ठी दोन मिनिटांत खरडली. व्यापाऱ्याचा भाऊ, हिश्श्यासाठी. ताई मात्र बराच वेळ लिहीत होती. कागद उलटवून मागेही लिहिलं. मग चार घड्या घालून चिठ्ठी डब्यात टाकली.

खळबाई दोरा सोडायला लागली.

"थांब," ताई म्हणाली. "आधी माझी चिठ्ठी उघड."

"अगं, आधी शेवट तरी वाचू दे."

"शेवट नको. चिठ्ठी उघड."

खळबाईनं घड्या उलगडल्या. सवयीनं तिची नजर आधी खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे आकडा नव्हता. मग वर बघावंच लागलं. ताईचं अक्षर हललेलं होतं, पण शुद्ध होतं.

"पोटात गाठ आहे. मी बरी होणार नाही. कशावरून: डॉक्टरनं पथ्य सांगितलं नाही, म्हणाला, मनाला येईल ते खा. सूज असती तर तिखट बंद केलं असतं. वर्षातून दोनदा येणारा पोरगा महिन्यात तीनदा आला. तू माझ्याशी भांडायची बंद झालीस. आणि पुस्तकं बारीक झाली."

खळबाईनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. पुस्तकं बारीक झाली! जिन्यावर रडणारा पोरगा फुटला नाही, डॉक्टर फुटला नाही. घरभेदी निघाली ती हीच, काखेत दीडशे पानं घेऊन दर शनिवारी घरी येणारी.

"बोल," ताई म्हणाली. "बरोबर की चूक?"

गळ्याची शपथ. तिला पायरीवर बसलेला तो पोरगा दिसला.

"चूक," खळबाई म्हणाली. "साफ चूक. काहीतरीच तुझं. जठराला सूज आहे."

ताईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. टेलिफोनवर पलीकडचा माणूस बोलायचा थांबल्यावर ती जशी क्षणभर ऐकत राहायची तशी.

"चूक का? बरं," ती म्हणाली. "म्हणजे पाचव्यांदा हरले. चहा माझ्याकडे."

आणि ती उठली. पलंगाची कड धरून, मग खुर्चीची पाठ, मग दाराची चौकट. बाहेरच्या खोलीपासून ओट्यापर्यंत बारा पावलं असतील, ताईला किती वेळ लागला ते देवाला ठाऊक. खळबाई मागे धावली.

"अगं, बस तू! मी करते ना."

"का? हरलेलीनं करायचा असतो. आणि मला झालंय काय? नुसती सूज तर आहे." तिनं दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि नळाखाली धरलं. "तू बाहेर बस. माझ्या पाठीशी उभी राहू नकोस."

खळबाई बाहेर येऊन बसली. आतून पातेलं ओट्यावर टेकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग गॅस पेटवायचा खटका एकदा, दोनदा, चारदा. तिच्या हातात अजून ती चिठ्ठी होती. काहीतरी करायचं म्हणून तिनं ती उलटी केली. मागे काफिल्याचं लिहिलेलं होतं. ताई ती ताईच, खेळ अर्धा टाकणाऱ्यातली नव्हे.

"खुनी वाटाड्या. पुढची विहीर कोरडी आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं. व्यापाऱ्याला ते कळलं, म्हणून त्याला मारलं. वाटाड्याला वाटलं, सांगितलं तर लोक जागीच बसतील. गाढव आहे. सांगितलं असतं तर उरलेलं पाणी त्यांनी आपल्या मनाप्रमाणे प्यायलं असतं."

खळबाई उठली. ताई ओट्याशी स्टुलावर बसली होती. पाणी खळखळून निम्मं आटलं होतं, आणि साखरेच्या डब्याचं झाकण तिला निघत नव्हतं. ती दोन्ही अंगठ्यांनी ते ढकलत होती, कपाळावर घाम आला होता, आणि ते साधं झाकण काही हलत नव्हतं.

"ताई, बरोबर आहे," खळबाई म्हणाली. "सगळं बरोबर लिहिलंयस. मी खोटं बोलले. त्यानं गळ्याची शपथ घातली होती गं मला, त्याच्या."

"तो गळा माझ्या पोटातून आलाय," ताई म्हणाली. "मी सोडवते. म्हण, सुटली."

"सुटली," खळबाई म्हणाली आणि जी रडायला लागली ती थांबेचना. पदर तोंडात कोंबून, ओट्याला टेकून रडली. ताईनं हात लांब करून गॅस बंद केला.

"किती म्हणाले?"

"तीन-चार महिने. त्यातला एक गेला."

ताईनं साखरेचा डबा बाजूला सारला. मग तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला भीती वाटते गं, धाकटे. महिनाभर वाटतेय. मी एकटी घाबरत होते, आणि तू शेजारी बसून पानांचे आकडे बघत होतीस."

खळबाई खाली जमिनीवर बसली आणि ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताईच्या मांडीचं हाड तिच्या गालाला लागत होतं. महिनाभर तिनं ताईला नीट हातही लावला नव्हता, हात लावला तर सगळं बाहेर पडेल या भीतीनं. आता लावला.

"त्या पोराला ओरडू नकोस," ताई थोड्या वेळानं म्हणाली. "पुढच्या वेळी आला की मीच सांगते त्याला. जरा सावकाश सांगावं लागेल, त्याला पहिल्यापासून कशाचाच शेवट सोसत नाही." मग तिनं खळबाईच्या डोक्यावर टपली मारली. "ऊठ आता. मी बरोबर होते ना? मग चहा तुझ्याकडे. आठवडाभर, आजचा धरून."

खळबाईनं नाक पुसलं, झाकण काढलं, चहा केला. नेहमीसारखा पाणीचट. ताईनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण कप खाली ठेवला नाही.

"उद्या येताना ते आचाऱ्याचं आण. सातशे पानांचं."

"ताई, ते..."

"राहिलं तर राहिलं. मी माझी चिठ्ठी पहिल्या पन्नास पानांतच लिहून ठेवते. डब्यात असेल. तू पुढचं वाच, गाठ सोड, मग उघड. आणि बघून ठेव, बरोबरच येईल. चहा तुझ्याकडेच लागणार."

"कुणासाठी करू मग तो?" खळबाईनं विचारलं.

ताई कपावर फुंकर घालत होती. "तुझ्या एकटीसाठी," ती म्हणाली. "पण पाणी मोजून घाल."